करंजी की करंदी

डिलाईल रोड,
१७ जानेवारी २०२५

सौ. किर्ती हिस,

अनेक आशीर्वाद. आम्ही इकडे सगळे ठीक. तुझ्या दादांचा गुडघा थंडीने धरलाय, पण नाक्यावर गप्पा मारायला जायचं असलं की तो बरोबर सुटतो. माझगावला माझी आई बरी आहे. आकांक्षा कामावरून उशिरा येते, जेवते आणि फोन घेऊन पडते. तुझी खुशाली मी विचारत नाही. ती मला कळलीय.

कागदावर लिहितेय, कारण तू मला ब्लॉक केलंस. फॅमिली ग्रुपमधूनही काढलंस. तुझ्या दादांच्या हाती चिठ्ठी द्यावी तर ते वाटेत उघडून वाचतील आणि बहिणीची दया येऊन फाडून टाकतील. म्हणून पोस्टाने पाठवतेय. ब्लॉक करायच्या आधीचा तुझा व्हॉइस मेसेज मात्र मी पुरता ऐकला. तुझं म्हणणं असं, की मी घोडपदेवला प्रितेशच्या आजोबांना, नानांना, फोन करावा. सांगावं की तुझ्या मुलीला, श्रेयाला, त्या दिवशी ताप होता, म्हणून ते ओव्हनमधले पाय मी भाजले, आणि तू फोनवर करंजी म्हणालीस ते मला करंदी ऐकू आलं. म्हणजे दोष माझ्या कानांचा. आणि फोन नाही केला तर श्रेयाचं लग्न मोडल्याचं खापर माझ्या डोक्यावर.

उत्तर देते. पण मला हवं तसं, सावकाश. आजवर घाई फक्त तुलाच होती.

तुझा फोन आला तेव्हा गॅसवर कुकर होता, खाली भंगारवाला ओरडत होता. तू म्हणालीस, श्रेया आणि प्रितेशचं आपसात ठरलंय, आता त्याच्या घरचे रविवारी दादरला येतायत, नाना हो म्हणाले की झालं. नाना माळकरी, त्यांच्या घरात मासळी-मटण उंबऱ्याच्या आत येत नाही. आणि तू त्यांना सांगून बसली होतीस की आमची श्रेया स्वतः पाय भाजते. नाना म्हणाले, आम्ही पाया खात नाही. मग तुला समजवावं लागलं की हा बकऱ्याचा नव्हे, विलायती, मैद्याच्या कवचात करंजीचं सारण असतं. हे सांगताना तू हसलीस. मीपण हसले. एक करंजीचा आणि एक मटारचा कर, म्हणालीस. माझ्या काळ्या टिनात नको, तुझ्या काचेच्या भांड्यांत. ड्रायव्हर भांडी आणून देईल, तोच पाय घेऊन जाईल. मामा-मामींना बोलवत नाही, राग मानू नका, माणसं मोजकीच आहेत.

मी म्हटलं, बरं.

तर मला करंदी ऐकू आलं. कुकर, भंगारवाला, माझं वय. ज चा द व्हायला कितीसा वेळ लागतो? आणि करंदी काही आपल्या घरात परकी नाही. मी कोळ्यांची मुलगी, बोटाच्या पेराएवढी लाल कोलंबी आमच्याकडे बाळाच्या भातात कुस्करतात. तुलाही ती परकी नव्हती, किर्ती. आठवतंय का बघ.

मी ह्या घरात आले तेव्हा तू कॉलेजात होतीस. आईने मला आहेरात तो गोल अ‍ॅल्युमिनियमचा ओव्हन दिला होता, वर काचेची खिडकी असलेला. सासूबाईंनी विचारलं, ह्यात काय शिजतं? माझगावच्या परेरा बाईंच्या दारात आई टोपली उतरवायची, मासळी घेऊन होईपर्यंत बाई मला आत बोलवायच्या. पाय मी त्यांच्या ओट्यावर शिकले. फ्रिजमधलं घट्ट लोणी मैद्यात बोटांच्या टोकांनी चोळायचं, तळहात लावायचा नाही, नाहीतर उबेने लोणी सुटतं आणि कवच चिवट होतं. बर्फाचं पाणी चमच्या-चमच्याने. खालची पोळी टिनात बसवून काट्याने टोचायची, वर कोरडे वाटाणे पसरून आधी अर्धी भाजायची. नाहीतर बूड ओलं राहतं.

पहिला पाय मी खिम्याचा केला. अप्पा जेवायला बसले, म्हणाले, सूनबाई, हे काय? मी म्हटलं, पाय. अप्पा म्हणाले, कुणाचा? तू हसता हसता ताटावर पडलीस. त्या दिवसापासून माझे पाय ह्या घरात रुजले. अप्पांना खिमा, तुझ्या दादांना सुकटीचा, तुला सफरचंद आणि दालचिनीचा. मुलं झाली तेव्हा त्यांच्यासाठी ओल्या नारळाचा. श्रेया आणि आकांक्षा शाळेतून येऊन माझ्या पायाला मिठी मारायच्या आणि म्हणायच्या, पाय धरले, आता पाय दे.

आणि श्रेया पोटात असताना तुला डोहाळे कशाचे लागले होते? माझ्या हातच्या करंदीच्या पायाचे. माहेरी आलीस तेव्हा मी भाऊच्या धक्क्यावरून पहाटे करंदी आणायची, ओट्यापाशी उभी राहून सोलायची, कांदा-खोबऱ्यात परतायची. तू टिनातूनच खायचीस, थंड व्हायचा धीर नसायचा तुला. तेव्हा वास नव्हता येत.

वासाचं पुढे लिहिते. आधी त्या रविवारचं.

मी तिथे नव्हते, हे तुला माहीतच आहे. जे कळलं ते श्रेयाने आकांक्षाला सांगितलेलं. तुझ्या पांढऱ्या टेबलक्लॉथवर दोन्ही भांडी ठेवली होती. तू श्रेयाला सुरी दिलीस आणि नानांना सांगितलंस, सगळं हिनेच केलंय, आम्हाला कुणाला ओट्याकडे फिरकू दिलं नाही. श्रेयाने करंजीचा म्हणून तो पाय कापला. वाफ आली. मग काय, सगळ्यांना कळलं. प्रितेशच्या आईने पदर नाकाला लावला. नानांनी हात लावला नव्हता तरी उठून हात धुतले. म्हणाले, बाळ, ह्यात काय घातलंयस? श्रेयाला कुठे माहीत होतं. ती तुझ्याकडे बघत राहिली. तू काय केलंस? तू म्हणालीस, अगं श्रेया, किती ही धांदरट, भाजीवाल्याच्या पिशवीत काय आलं ते बघितलंही नाहीस.

भाजीवाल्याच्या पिशवीत करंदी. मुलीला आगीत ढकललंस, पण 'वहिनीने केले' हे तुझ्या तोंडून निघालं नाही.

दुसऱ्या दिवशी श्रेया माझ्याकडे आली. दारातच उभी राहिली, चप्पलसुद्धा काढली नाही. विचारलं, मामी, तुला खरंच करंदी ऐकू आलं? मी म्हटलं, हो गं, कुकर चालू होता. तिने माझ्या हातांकडे बघितलं. मग म्हणाली, बरं. आणि जिना उतरून गेली. मला वाटलं, पटलं तिला. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मी खुशीत होते. भाकऱ्या थापताना गाणं म्हणत होते. तुझ्या दादांनी विचारलंसुद्धा, आज काय विशेष?

आता वासाचं.

चार वर्षांपूर्वी आकांक्षाला परळचं स्थळ आलं होतं. मुलगा तिला आवडला होता. मला आवडला होता. ती माणसं आमच्या खोलीत बसली, चहा झाला, मी नारळाचा पाय वाढला, मुलाने दोनदा मागून घेतला. आत्या म्हणून तू होतीस, मोरपिशी साडीत. त्यांना खाली सोडायला तू गेलीस. मी म्हटलं होतं, मी जाते, तर म्हणालीस, वहिनी तू बस, दमलीस. मग त्यांच्याकडून काही आलंच नाही. आणि आलं तेव्हा मध्यस्थ बाईच्या फोनवरून आलं. आम्हाला वास चालत नाही.

कसला वास, हे मला तेव्हा कळेना. मी घर शोधलं. खिडक्या धुतल्या. पडदे उतरवले. ह्या गेल्या गणपतीत मध्यस्थ बाई बाजारात भेटल्या आणि त्यांनी सांगितलं, जिन्यात तू काय म्हणालीस ते. मुलगी सोन्यासारखी आहे, पण आजी अजून टोपली घेऊन बसते, आईच्या हाताला वास येतोच, सवय करून घ्यावी लागेल. तू हसून म्हणालीस म्हणे. तुझं सगळं हसून असतं.

तुम्ही सगळे मासे खाता. बुधवार, शुक्रवार, रविवार ताटात तळलेला तुकडा नसला तर तुमचं तोंड उतरतं. खाताना वास येत नाही, विकणाऱ्याच्या हाताला तेवढा येतो.

मला काय म्हणालीस त्याचं मी गिळलं असतं, आजवर गिळतच आलेय. पण आकांक्षाला तो निरोप मी लपवायच्या आत कळला होता. तेव्हापासून ती माझ्या हातचा डबा नेत नाही. म्हणते, कॅन्टीन चांगलं आहे. घराबाहेर पडायच्या आधी दारात उभी राहून स्वतःची बोटं हुंगते. तिला वाटतं मला दिसत नाही. मी रोज बघते. ओट्यापाशी उभी राहून मी रोज तुझं नाव घेते, आणि देवाचं घ्यावं तसं घेत नाही.

म्हणून डूख धरला. हो, धरला. आता लिहूनच टाकते, कारण पुढचं त्याशिवाय तुला कळणार नाही.

मला करंदी ऐकू आलं नव्हतं. मला स्वच्छ करंजी ऐकू आलं होतं. आणि डूख धरूनही मी करंजीचंच सारण केलं होतं, किर्ती. श्रेयासाठी. शनिवारी ओला नारळ खवला, गूळ घातला, खसखस भाजली, वेलची कुटली. पातेलं झाकून ठेवलं. तेवढ्यात तुझा दुसरा फोन आला, तो तुझ्या व्हॉइस मेसेजमध्ये तू वगळलास. तू म्हणालीस, वहिनी, एक सांगायचं राहिलं, माणसं माळकरी आहेत, तेवढे हात नीट धुऊन कर हं.

मी फोन ठेवला. हात धुतले. खरंच धुतले, साबण लावून, दोनदा. मग त्या धुतलेल्या हातांनी पिशवी घेतली आणि रविवारी उजाडायच्या आत धक्क्यावर गेले. करंदी अशी ताजी होती की काय सांगू. मसाला तेवढा हात राखून घातला, आईचाच मसाला, पण इतक्या बेताने की कापेपर्यंत कळू नये. वर अंड्याऐवजी दूध लावलं, कारण माणसं माळकरी. हसू येतं ना? मलाही नंतर आलं. सारणाच्या करंज्या करून आम्ही घरी खाल्ल्या. ड्रायव्हर भांडी घेऊन गेला तेव्हा मी खिडकीतून गाडी दिसेनाशी होईपर्यंत बघत होते.

मला वाटलं होतं तुझं नाक कापलं जाईल. तुझंच फक्त. सुरी श्रेयाच्या हातात देशील हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

आकांक्षाने पकडलं मला. श्रेयाने त्या सकाळी, माणसं यायच्या आधी, त्या टेबलाचा फोटो तिला पाठवला होता. परवा जेवताना आकांक्षाने तो मोठा करून माझ्यासमोर धरला. म्हणाली, आई, ही कड बघ.

तुला कड म्हणजे काय ते कळणार नाही, तू कायम नुसती खाल्लीस. मुलं लहान असताना झाकलेल्या पायात गोड काय नि तिखट काय ते ओळखू येईना, रडारड व्हायची. तेव्हा मी नियम केला. गोड पायाच्या कडेला करंजीसारखी मुरड घालायची, तिखटाची कड काट्याने दाबायची. पोरी वाचायला शिकायच्या आधी मुरड ओळखायला शिकल्या. आणि तुझ्या काचेच्या भांड्यातल्या करंदीच्या पायाला मी मुरड घातली होती. बारीक, सुबक, दिवाळीची असते तशी.

आकांक्षा म्हणाली, तुला करंदी ऐकू आलं असतं तर तू काट्याने दाबलं असतंस. तुझा हात ह्यात चुकत नाही. तू गोड म्हणून पाठवलंस आणि आत तिखट भरलंस. मी तिला आमटी वाढायला गेले. ती म्हणाली, श्रेयालाही मुरड कळते, आई. ती तुला विचारायला आली होती ते उगाच नाही. तिला माहीत होतं. तू खोटं बोललीस, आणि तिने घरी जाऊन कुणाला सांगितलं नाही, तिच्या आईलासुद्धा.

मला पुढचं ताट दिसेना. मी म्हटलं, तुझ्यासाठी केलं गं. तर आकांक्षा चिडली. इतकी चिडलेली मी तिला कधी बघितली नाही, परळचा निरोप आला तेव्हाही नाही. माझ्या नावावर असलं काही करायचं नाही, म्हणाली. आत्याने माझं मोडलं, तू श्रेयाचं मोडलंस, मग तुमच्यात फरक काय राहिला ते सांग.

तुझ्या जोडीला बसवलं तिने मला. हे वाचून तुला बरं वाटेल, वाटू दे.

काल मी घोडपदेवला गेले. फोन नाही केला, स्वतः गेले. तुझ्या दादांना सांगितलं नाही. नाना गॅलरीत पेपर वाचत होते. मी सांगितलं, मी श्रेयाची मामी, तुमच्या ताटात करंदी मी घातली, चुकून नाही, मुद्दाम. तापाचं सांगितलं नाही, कानाचं सांगितलं नाही. परळचं सांगितलं, जिन्यातलं सांगितलं, हात धुवायचं सांगितलं. श्रेयाला ह्यातलं काही ठाऊक नव्हतं हे सांगितलं. प्रितेशची आई दारात येऊन उभी राहिली, तिनेही ऐकलं.

नाना भले माणूस असतील, पण मला त्यांनी सोडलं नाही. म्हणाले, बाई, तुमचं भांडण तुमच्या घरात शिजवायचं, आमच्या पानात कशाला वाढलंत? मी त्यांची माफी मागितली. त्यांची मागितली, किर्ती. तुझी नाही.

मग ते म्हणाले, कोलंबीचं आम्हाला इतकं नाही, आमचा प्रितेश बाहेर काय काय खातो ते मला माहीत आहे. आम्हाला लागलं ते दुसरंच. मुलगी खोटं बोलून स्वयंपाक मिरवते असं वाटलं. मी सांगितलं, मिरवत होती तिची आई. श्रेयाला धड अंडंही उकडता येत नाही आणि ती ते कुणालाही तोंडावर सांगते. तेव्हा प्रितेशची आई हसली. चहा आला. कपाला हात लावताना मी थांबले, तर ती म्हणाली, घ्या हो मामी.

नाना उठताना म्हणाले, मुलगी आम्हाला हवी आहे. तिच्या आईशी आमचं जमेल असं वाटत नाही, पण ती काही आमच्याकडे नांदायला येणार नाही. सुपारी फोडायची ती मामाच्या घरी फोडू. दादरला नको. तुम्ही उशिरा का होईना, खरं बोललात.

तेव्हा तुझ्या मेसेजचं उत्तर हे. लग्न मोडलं नाही. मोडायला निघाले होते मी, आणि जोडून आलेपण मीच. तू ज्या खोट्याची भीक मागत होतीस ते मी बोलले नाही, म्हणून जोडलं गेलं. आता श्रेया संसाराला लागेल, तिला मुलं होतील, तू आजी म्हणून मिरवशील, आणि दर वेळी तुला ठाऊक असेल की हे कुणाच्या हातून झालं. त्याच हातांनी. मला ह्यापेक्षा चांगला सूड सुचला नसता, आणि हा तर मी ठरवलाही नव्हता.

सुपारी २६ तारखेला, रविवारी दुपारी, आमच्या खोलीत. नाना, प्रितेशचे आई-वडील, तुम्ही, आम्ही. माझगावहून आई येतेय, तिला मी सगळ्यांच्या मधोमध बसवणार आहे. पाय मी भाजणार आहे, आणि कुणी विचारलं तर कुणी भाजले ते सांगणार आहे. नाही आलीस तर मुलीच्या आईला बरं नाही असं मी नानांना सांगेन. तेवढं एक खोटं तुझ्यासाठी बोलेन.

पण तू येशील. श्रेयासाठी तुला यावंच लागेल, तिथे तुझ्या-माझ्यात खरंच फरक नाही. जिना तोच आहे, हळू चढ. दार आकांक्षा उघडेल. जिन्यात तू काय म्हणालीस ते तिला शब्दन् शब्द माहीत आहे, आणि तरी ती म्हणतेय, आत्याला आत बोलवायचं, बसवायचं, पाणी आपणच द्यायचं. तिने ठरवलंय.

मी तुला आत घेतलं नसतं.

श्रेयाची मामी,
अंबिका